घरीं बांधलेलें विमान आणि त्याचा शिक्षक



होडी ज्यानें बांधली त्यानेंच ती प्रथम पाण्यांत लोटावी, नारळ फोडावा आणि पहिली फेरी आपणच मारून यावी, ही गोष्ट आम्हां रत्नागिरीकरांच्या परिचयाची आहे. लांकडाची जागा आतां बहुतेक ठिकाणीं फायबरनें घेतली असली, तरी मिरकरवाडा आणि राजिवडा येथें होडीच्या अंगाची समज हातांत असलेले मिस्त्री अजून भेटतात. नवी होडी वळते कशी, भरतीच्या तोंडीं ती कोणत्या बाजूस कलते, हें कळावयास चार फेऱ्या पुरतात. आणि त्या फेऱ्यांत एखादा जुना तांडेल बरोबर बसला तर त्याला कोणी अडवीत नाहीं. त्याला दिवसाची मजुरी दिली, एवढ्यावरून ती होडी कांहीं उतारूंची फेरीबोट ठरत नाहीं.

आतां होडीच्या जागीं विमान कल्पून पाहा. एका गृहस्थानें घरीं विमान बांधलें. सरकारी अधिकाऱ्यांनीं तें तपासलें, नोंदलें. तें चालविण्यास त्या गृहस्थास कोणी शिकवावयाचें, कोणत्या विमानांत शिकवावयाचें, आणि शिकविणाऱ्यानें त्याबद्दल मोबदला घ्यावा कीं घेऊं नये? आजच्या भाषणाचा विषय एवढाच आहे. तो दिसतो किरकोळ. परंतु ह्याच प्रश्नानें अमेरिकेंत सुमारें साडेतीन वर्षें वैमानिकांस आणि कायदेपंडितांस झुंजत ठेविलें. आपल्याकडेहि तो उद्यां उभा राहण्यासारखा आहे, कारण घरीं बांधलेलें विमान महाराष्ट्रानें एकदां पाहिलें आहे.

मुंबईस कांदिवलीच्या चारकोप भागांत एका इमारतीच्या गच्चीवर कॅप्टन अमोल यादव यांनीं सहा आसनांचें विमान बांधलें, हें आपणांपैकीं पुष्कळांनीं वृत्तपत्रांत वाचलें असेल. यादव मूळचे सातारा जिल्ह्यांतले. व्यवसायानें ते वैमानिक. जेट एअरवेज कंपनीचीं प्रवासी विमानें ते चालवीत असत. नोकरी सांभाळून त्यांनीं हा उद्योग वर्षानुवर्षें चालविला. विमानाचें नांव टीएसी-००३. हा त्यांचा पहिला यत्न नव्हता, हें त्या आंकड्यावरूनहि लक्षांत येईल. गच्चीवर उभें राहिलेलें विमान गच्चीवरून उडत नाहीं. तेव्हां तें सुटें करून क्रेनच्या साहाय्यानें खालीं उतरविण्यांत आलें, आणि २०१६ च्या फेब्रुवारींत वांद्रे-कुर्ला संकुलांत भरलेल्या 'मेक इन इंडिया' सप्ताहांत लोकांनीं तें पाहिलें. पुढें त्याची नोंदणी होण्यास २०१७ चा नोव्हेंबर उजाडला. उड्डाणाची अनुज्ञा मिळाली ती २०१९ च्या ऑक्टोबरांत, आणि धुळ्याच्या धावपट्टीवर त्याच्या चाचण्या झाल्या त्या २०२० सालीं. म्हणजे प्रदर्शनापासून धावपट्टीपर्यंतच चार वर्षें गेलीं.

ह्या दिरंगाईबद्दल त्या वेळीं पुष्कळ लिहिलें गेलें. मला येथें त्या वादांत शिरावयाचें नाहीं. ज्या मुद्याकडे फारसें कोणाचें लक्ष गेलें नाहीं तो मुद्दा निराळाच आहे. ह्या विमानासारखें दुसरें विमान जगांत नव्हतें. साहजिकच त्यांत पूर्वीं उडालेला मनुष्यहि नव्हता. मग त्याचा शिक्षक कोठून मिळणार? यादव स्वतः मुरलेले वैमानिक, म्हणून त्यांच्या बाबतींत हा प्रश्न तितकासा बोंचला नाहीं. परंतु विमान बांधण्याची हौस असलेला प्रत्येक मनुष्य मुरलेला वैमानिक थोडाच असणार! एखादा यंत्रशाळेचा मालक असेल, एखादा डॉक्टर असेल, एखादा महाविद्यालयांतील अध्यापक असेल. त्यानें उड्डाणशाळेंत जाऊन परवाना मिळविला असला, तरी तो मिळविला दुसऱ्याच विमानावर.

हा फरक किती मोठा असतो, तें थोडें उकलून सांगावयास हवें. विमानाचा वेग एका मर्यादेखालीं उतरला आणि नाक वर राहिलें, कीं पंखांवरून वाहणारी हवा विस्कळित होते आणि पंखांची उचलण्याची शक्ति नाहींशी होते. वैमानिक ह्यास 'स्टॉल' म्हणतात. शाळेंतलें विमान असें होण्यापूर्वीं थरथरतें, जणुं सूचना देतें. आणि दांडी पुढें लोटली कीं तें मुकाट्यानें सांवरतें. घरीं बांधलेलें विमान सूचना देईलच असें नाहीं. त्याचे पंख लहान असले तर तें उतरतांना अधिक वेगानें उतरतें. त्याची दांडी इतकी हलकी असूं शकते, कीं शाळेंत कमावलेला हात तिला नको तेवढी ओढतो. शिवाय पेट्रोलच्या नळ्या आणि कळी बांधणारानें आपल्या सोयीनें बसविलेल्या असतात. शंभर फुटांवर यंत्र बंद पडल्यास त्या कळी शोधीत बसण्याइतका वेळ कोणापाशींहि नसतो.

अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळानें ह्या विमानांचा अभ्यास करून २०१२ सालीं आपला अहवाल प्रसिद्ध केला. त्या देशांत त्या वेळीं अशीं सुमारें ३३,००० विमानें होतीं. खासगी व किरकोळ उड्डाणांच्या एकूण विमानांत त्यांचें प्रमाण शेंकडा दहाच्या आसपास; परंतु २०११ सालच्या अपघातांत त्यांचा वांटा शेंकडा पंधरा, आणि प्राणघातक अपघातांत शेंकडा एकवीस होता. त्याहून विचार करावयास लावणारी गोष्ट अशी, कीं त्या वर्षीं अपघात झालेल्यांपैकीं निम्म्याहून अधिक विमानें मालकानें स्वतः बांधलेलीं नव्हतीं. तीं त्यानें बांधणारापासून विकत घेतलेलीं होतीं. बांधणाराला निदान प्रत्येक खिळा ठाऊक असतो. विकत घेणाराच्या हातीं किल्ली येते आणि कदाचित् एक वही येते. अपघातांपैकीं कित्येक तर नव्या मालकाच्या पहिल्याच उड्डाणांत झाले. नुसत्या तपासणीनें हे अपघात टळले नसते. तेथें शेजारच्या आसनावर त्याच जातीचें विमान पूर्वीं हाताळलेला मनुष्य हवा होता.

शिक्षणाचें विमान ही स्वतंत्र चीज आहे, हें हिंदुस्थानांत ज्यांनीं प्रथम कृतीनें दाखविलें ते एक मराठी गृहस्थच होते. डॉ. विष्णु माधव घाटगे हे गटिंगेन येथें लुडविग प्रांट्ल ह्या थोर वायुगतिशास्त्रज्ञाच्या हाताखालीं शिकलेले. बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कारखान्यांत त्यांच्या देखरेखीखालीं एचटी-२ हें दोन आसनांचें शिक्षण-विमान आंखलें गेलें, आणि तें १९५१ सालीं प्रथम उडालें. आपल्या देशांत आंखलेलें हें पहिलें यशस्वी यंत्रविमान, आणि तें शिकाऊ लोकांसाठीं होतें! अशा विमानांत दोन दांड्या असतात, म्हणजे शिष्याची चूक गुरूला तत्काळ सुधारतां येते. हौशी मनुष्य विमान आंखतो तें स्वतःसाठीं. दुसरी दांडी त्याला वजनाची भर वाटते. कित्येक घरगुती विमानांत तर आसनच एक असतें.

आतां नियमाकडे वळूं. ज्या देशांत अशीं विमानें फार, त्या अमेरिकेचा नियम पाहणें सोयीचें. तेथें घरीं बांधलेल्या विमानास 'प्रायोगिक' ह्या वर्गांत प्रमाणपत्र मिळतें. अट ही, कीं विमानाचा बहुतांश भाग ज्यानें घडविला व जोडला त्यानें तो केवळ स्वतःच्या शिक्षणासाठीं किंवा करमणुकीसाठीं घडविलेला असावा. लोक ह्यास एक्कावन टक्क्यांचा नियम म्हणतात. विमानाच्या दाराशीं 'प्रायोगिक' हा शब्द दोन इंच उंचीच्या अक्षरांत लिहावा लागतो. पहिले चाळीस तास, आणि मान्यताप्राप्त जोडीचें यंत्र व पंखा असल्यास पंचवीस तास, ठराविक प्रदेशांतच चाचणीची उड्डाणें करावयाचीं, आणि त्या काळांत उतारू घ्यावयाचा नाहीं. सर्वांत महत्त्वाची अट पुढची. अशा विमानांतून पैसे किंवा भाडें घेऊन माणसें अगर माल नेतां येत नाहीं.

ही शेवटची अट न्याय्य आहे, ह्याबद्दल माझ्या मनांत संशय नाहीं. ज्या वस्तूची पारख कारखान्याच्या कसोटीवर झालेली नाहीं, तिच्यांत बसण्याचें तिकीट भोळ्या माणसास विकूं नये. आपल्याकडेहि उतारू नेणाऱ्या होडीस मेरिटाइम बोर्डाचा परवाना लागतो. दाभोळच्या फेरीबोटींत चढणारा मनुष्य तिचा तळ तपासून चढत नाहीं. तो सरकारवर विश्वासून चढतो.

परंतु ह्या अटींतून एक गांठ निर्माण झाली. शिक्षक पैसे घेऊन विमानांत बसतो. मग तें 'भाड्यानें नेणें' झालें काय? पुष्कळ वर्षें तेथील अधिकारी म्हणत आले कीं नाहीं. विमान शिष्याचें, पेट्रोल शिष्याचें. शिक्षकाचा मोबदला विद्येचा, वाहतुकीचा नव्हे. दुसऱ्या बाजूस कांहीं धंदेवाईक लोक शिक्षणाच्या नांवाखालीं फेरफटके विकूं लागले होते. फ्लॉरिडांतील एक कंपनी दुसऱ्या महायुद्धांतील पी-४० जातीच्या लढाऊ विमानांत मोबदला घेऊन शिक्षण देत असे. तें विमान 'प्रायोगिक' वर्गांतलें नव्हतें, 'मर्यादित' नांवाच्या शेजारच्या वर्गांतलें होतें. पण भाड्याची बंदी दोहोंसहि सारखीच. अधिकाऱ्यांनीं तो व्यवहार थांबविण्याचा हुकूम काढला, कंपनी न्यायालयांत गेली, आणि २०२१ च्या एप्रिलमध्यें न्यायालयानें कंपनीची मागणी फेटाळली.

येथवर ठीक होतें. पण न्यायालयाच्या भाषेचा अर्थ लावतांना त्याच वर्षीं जुलै महिन्यांत हवाई खात्यानें जाहीर केलें, कीं मोबदला घेऊन दिलेलें शिक्षण म्हणजेच भाड्यानें नेणें. म्हणजे स्वतःच्या घरीं, स्वतःच्या हातानें बांधलेल्या विमानांत शिक्षकाला फी देऊन शिकावयाचें असल्यास मालकानें त्या खात्याकडून अपवादाचें पत्र आणलें पाहिजे! हजारों मालकांनीं मुकाट्यानें अर्ज केले, आणि खात्यानेंहि तीं पत्रें भराभर दिलीं. जें पत्र मागेल त्यास मिळतें, त्यानें सुरक्षितता किती वाढली असेल तें दिसतेंच आहे. फुकट शिकविणाराला पत्र नको, फी घेणाराला हवें, ही तर मोठी मौज. जणुं फी घेतली कीं शिक्षकाचें वजन वाढतें!

अखेर अमेरिकन काँग्रेसला त्यांत हात घालावा लागला. २०२२ च्या डिसेंबरांत संमत झालेल्या एका संरक्षणविषयक कायद्यांत तिनें कलम घातलें, कीं विमान शिक्षकानें पुरविलेलें नसेल आणि त्याची जाहिरात करून लोकांस बोलाविलेलें नसेल, तर मालकास शिकविण्यास वेगळी परवानगी नको. त्यापुढें खात्यानें नियमच दुरुस्त केले. ते १ ऑक्टोबर २०२४ रोजीं प्रसिद्ध होऊन त्याच वर्षीं २ डिसेंबरपासून अमलांत आले. शिक्षक आपलेंच प्रायोगिक विमान घेऊन शिकवूं इच्छीत असेल तर मात्र त्याला अजूनहि खास परवानगी लागते. ह्याशिवाय २०१४ पासून चाचणीच्या काळांत दुसरा अनुभवी वैमानिक बरोबर नेण्याची सोयहि ठराविक अटींवर झाली आहे. पूर्वीं त्या चाळीस तासांत बांधणारानें एकट्यानेंच दैवाची परीक्षा पाहावयाची अशी वहिवाट होती.

हा भेद आपल्या रोजच्या व्यवहारांतून समजून घेणें कठीण नाहीं. मोटार शिकविणाऱ्या शाळेच्या गाडीस दुहेरी ब्रेक असावा लागतो आणि त्या शाळेस परवाना असावा लागतो. पण आपल्याच गाडीवर 'एल' हें अक्षर लावून, शेजारीं परवानाधारक शिकविणारा बसवून कोणी मारुतीमंदिराच्या रस्त्यानें गाडी चालवूं लागला, तर त्याला शाळेचा परवाना कोणी विचारीत नाहीं. एका ठिकाणीं गाडी आणि विद्या दोन्ही विकलीं जातात, दुसऱ्या ठिकाणीं फक्त विद्या. अमेरिकेंत साडेतीन वर्षें जो घोळ झाला तो हा साधा भेद नजरेआड झाल्यामुळें.

आपल्या देशांत ह्या विषयाची मांडणी अद्यापि कोंवळी आहे. १९३४ च्या विमान कायद्याची जागा १ जानेवारी २०२५ पासून भारतीय वायुयान अधिनियमानें घेतली आहे. उड्डाणशाळा नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या मान्यतेनें चालतात. महाराष्ट्रांत धुळें, बारामती, गोंदिया येथें तशा आहेत, आणि व्यावसायिक परवान्यासाठीं विद्यार्थ्यास २०० तासांचें उड्डाण दाखवावें लागतें. घरीं बांधलेल्या विमानास मिळणारी अनुज्ञा म्हणजे शाळेचा परवाना नव्हे, आणि तसा तो असूंहि नये. धंद्याची शाळा प्रमाणित विमानांतच चालावी, हें माझें मत स्पष्ट आहे. ज्या विमानाचा जोडीदार जगांत नाहीं, त्यावर शंभर विद्यार्थी घडविणें धाडसाचें होईल.

पण बांधणाराचें स्वतःचें शिक्षण निराळें, आणि तें नुसतें खपवून घेण्याची बाब नसून नियमानेंच मागण्याची बाब आहे. विमान तपासावयास येणारा अधिकारी जोड, खिळे, वजन, तोल हें सर्व पाहतो. त्याच वेळीं त्यानें बांधणारास विचारावें, कीं तुम्ही ह्या विमानाला जवळचें असें कोणतें विमान गेल्या तीन महिन्यांत, कोणाबरोबर, किती तास चालविलें? उत्तर वहींत असावें. अगदीं तशाच जातीचें विमान मिळालें नाहीं, तरी हलक्या दांडीचें, लहान पंखांचें दुसरें विमान मिळतेंच. राइट बंधूंपाशीं शिक्षक नव्हता, हें खरें. परंतु १७ डिसेंबर १९०३ च्या आधीं त्यांनीं किटी हॉकच्या वाळूवर यंत्र नसलेल्या विमानांतून शेंकडों वेळां घसरत उतरून हात बसवून घेतला होता. त्यांचें धाडस लोकांस आठवतें, ती तालीम कोणास आठवत नाहीं.

विमान विकलें जाईल तेव्हां ही अट अधिकच कडक असावी. बांधणारानें नव्या मालकाशेजारीं बसून कांहीं तास द्यावे, आणि त्याबद्दल त्यानें पैसे घेतले तर सरकारनें तिकडे वांकड्या नजरेनें पाहूं नये. फुकटच्या शिक्षकावर कायद्यानें भर दिला, तर शेवटीं शिक्षकच मिळत नाहीं; ज्याच्यापाशीं विद्या आहे त्याला पोटहि आहे.

आमच्या रत्नागिरीच्या सड्यावर धावपट्टी आहे. तटरक्षक दलाचा तेथें तळ आहे, आणि समुद्रावर पहारा करणारीं विमानें तेथून उडतात. इकडची मुलें तीं पाहत वाढतात. यंत्राची आवड आणि होडीच्या अंगाची उपजत समज त्यांच्यापाशीं आहेच. त्यांपैकीं एखाद्यानें उद्यां आपल्या मांगरांत विमानाचा सांगाडा उभा केला तर मला आश्चर्य वाटणार नाहीं. त्यानें मला विचारलेंच, तर मी त्याला यंत्राबद्दल कांहीं सांगणार नाहीं. तें त्याला माझ्याहून अधिक कळत असेल. आसनें दोन ठेव आणि दांड्याहि दोन ठेव, एवढेंच सांगेन. दुसऱ्या दांडीच्या तारा आणि सळ्या जमिनीखालून न्यावयाच्या असतात, आणि सांगाड्यावर पत्रा चढल्यावर तें काम करतां येत नाहीं.